नावाडीमामा आणि उदगीरचं स्थळ

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो पाइपांमुळे. परळीत मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे, जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान होतं, पुढं दुकान आणि मागं घर. पाइप, पत्रे, दोर, ताडपत्र्या, कुलपं, खिळे असा सगळा माल. त्या वर्षांत ज्याला पाहावं तो बोअर पाडत होता, आणि बोअरला पाणी लागो न लागो, पाइप तर लागायचाच. माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, एका कंपनीचे इतके पाइप विकले की कंपनीनं त्यांना औरंगाबादला बोलावून फेटा बांधला, हारतुरे केले आणि एक कॉम्प्युटर बक्षीस दिला. अप्पांना स्कूटर मिळेल अशी खात्री होती. स्कूटरवर बसायचं म्हणून ते जाताना धोतराऐवजी पँट घालून गेले होते. टेम्पोतून खोकी उतरवताना त्यांचा चेहरा असा होता, की कुणीतरी त्यांना स्कूटर खोलून चार खोक्यांत भरून दिली आहे आणि जोडायची कशी ते सांगितलेलं नाही.

कॉम्प्युटर मधल्या खोलीत ठेवला. घरातली तीच एक खोली पाहुण्यांना दाखवण्यासारखी होती. आईनं त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं. आत्यानं, म्हणजे अप्पांच्या थोरल्या विधवा बहिणीनं, काचेवर तीन बोटांनी विभूती ओढली, आणि ती पुसायची कुणाची छाती होईना म्हणून पहिले काही दिवस त्या पडद्यावर जे येईल ते कपाळाला भस्म लावूनच यायचं. घरात जाहीर झालं की कॉम्प्युटर मन्मथचा. मन्मथ माझा धाकटा भाऊ. तो तेव्हा लातूरला एका खोलीत कोंडून घेऊन बारावीची पुस्तकं पाठ करत होता आणि सणालाच काय तो घरी यायचा. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि घरी बसले होते. ‘घरी बसले होते’ हा आमच्याकडचा बोलायचा प्रकार. भाकरी थापणं, धुणं धुणं, ते वाळत घालणं, गावातल्या थर्मल वीजकेंद्राची राख पडली की पुन्हा झटकणं, हे सगळं त्या बसण्यात यायचं. माझ्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. ते माझ्याशिवाय चालू होतं, हे सांगायला नकोच.

गेम आणला माझ्या मामेभावानं. तो पुण्यात शिकत होता. श्रावणात आला, खिशातून एक सीडी काढली, कॉम्प्युटरमध्ये घातली, दोन-चार गोष्टी दाखवल्या आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेनं निघून गेला. सीडीवर नाव नव्हतं. आत एक राज्य होतं, त्या राज्यातली नदी आटली होती आणि नदी कुठं गेली हे शोधायला आपण निघायचं होतं. वाटेत माणसं भेटत. ती इंग्रजीत बोलत, त्यांचं बोलणं खाली अक्षरांत उमटे, आणि मग आपण काय उत्तर देणार हे गेम विचारे. दोन-तीन उत्तरं समोर यायची, त्यातलं एक निवडायचं. जे निवडाल तसं पुढं घडायचं. मारामारीही होती, पण ती अधूनमधून, जेवणात पापड असतो तशी.

अप्पांनी आधी नेहमीप्रमाणे नाक मुरडलं. पोरासोरांचे धंदे म्हणाले. मग एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून खांद्यावर पंचा टाकून दारात उभे राहिले. पडद्यावर एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

“हे म्हातारं कोण?” अप्पा म्हणाले.

“नावाडी आहे. नदी आटली, याची नाव तशीच पडून आहे.”

“मग हितं कावून बसलंय?”

“नदी शोधायला निघालात तर मला सोबत न्या म्हणतोय.”

“मग ने की. थांबलीस कावून?”

“मी नाही थांबले अप्पा, गेम थांबलाय. आपण काय म्हणतो ते विचारतोय.”

“आपल्याला?” म्हणून अप्पांनी मागं वळून पाहिलं, त्यांच्या पाठीशी दुसरं कुणी उभं असावं तसं. मग म्हणाले, “म्हणावं, चल.” म्हातारा उठला, लवून नमस्कार केला आणि आमच्या मागोमाग चालू लागला. अप्पा तसेच उभे राहिले. दुकानातून हाक आली तेव्हा गेले, पण संध्याकाळी येताना स्वतःची खुर्ची घेऊन आले.

मी सुरू केलेला गेम त्यांनी मोडायला लावला आणि पहिल्यापासून मांडायला लावला, कारण सुरुवातीला गेम आपलं नाव विचारतो हे त्यांना कळलं. चष्मा पुसून म्हणाले, “घाल बसलिंग.” पुढं ‘अप्पा’ लावू का विचारलं तर लाजले, जागा उरली तर लाव म्हणाले. जागा उरली नाही. पण त्या दिवसापासून त्या आटलेल्या राज्यात जो तो आमच्या अप्पांना ‘लॉर्ड बसलिंग’ म्हणू लागला. मी त्याचं ‘बसलिंगराजे’ केलं. बसलिंगराजे गावात शिरले की लोहार हातोडा खाली ठेवायचा, बायका पदर सावरायच्या, पाटील सामोरा यायचा आणि म्हणायचा, राजे, आता तुम्हीच सांगा. दुकानात अप्पांना असं कुणी म्हणत नव्हतं. दुकानात तपासणीला येणारा साहेब खुर्चीत आधी बसायचा आणि मग अप्पांनाच बसा म्हणायचा, उधारीवाले रस्ता बदलायचे आणि कंपनीचा पोरगेला एजंट पाठीवर थाप मारायचा. मला तेव्हाच कळलं की माणसं या खेळात का बुडतात. तिथं तुमचं नाव घेऊन कुणीतरी उठून उभं राहतं.

परवा, म्हणजे इतक्या वर्षांनी, आता मी राहते त्या कॉलनीत एका तज्ज्ञांचं व्याख्यान झालं. मुलं गोष्टीच्या गेममध्ये का रमतात, असा विषय. त्यांनी पडद्यावर मेंदूचं चित्र दाखवलं, त्यात एक ठिपका लाल केला आणि सांगितलं की इथं एक रसायन पाझरतं. माझ्या शेजारच्या बाईंनी ते लिहून घेतलं. मी मागच्या खुर्चीत चिवडा खात बसले होते. मला वाटलं, हात वर करावा आणि विचारावं, की धोतर नेसणाऱ्या, मधुमेहाच्या गोळ्या खाणाऱ्या, पन्नाशीतल्या व्यापाऱ्याच्या मेंदूतही ते तिथंच पाझरतं का? आणि अक्षरओळख नसलेल्या विधवेच्या? पण त्यांची गाडीची वेळ झाली होती.

कारण अप्पांच्या मागून आत्या आली. ती आली ती खुर्ची न घेता, खाली सतरंजीवर, वाती वळत. तिला इंग्रजी सोडा, मराठी वाचता येत नव्हतं. मी वाचायचे आणि आमच्या बोलीत सांगायचे. त्या नावाड्याचं इंग्रजी जुन्या वळणाचं, जड होतं. मी त्याला गोदाकाठचा करून टाकला. “राजं, नदी रुसली म्हंजे मानसानं आपल्या मागं बघावं, आपलं काय चुकलं,” असं तो बोलायचा. आत्याला तलवाड्याचा आपला एक मामा आठवला. तोही असाच वाळका होता, असंच बोलायचा. झालं, तो नावाडीमामा झाला. मारामारीत त्याला लागलं की आत्या वाती टाकून उठायची. त्याला आधी औषध द्या, मग बसलिंगला. माझा बाप पडद्यावर रक्तबंबाळ आणि त्याची सख्खी बहीण दुसऱ्याला औषध पाजायला सांगतेय.

आईचा या सगळ्याला विरोध होता. म्हणजे ती चहा घेऊन यायची आणि कप हातात देताना विचारायची, “मेला का न्हाई अजून?” कोण, ते तिनं कधी सांगितलं नाही. मग दाराला टेकून उभी राहायची आणि चहा सगळ्यांचा पिऊन झाला तरी कप गोळा करायला तिला वेळ लागायचा.

मला स्वतःला काय सापडलं होतं, ते सांगायला हवं. आमच्या घरात माझ्यासाठी कुणी थांबत नसे. मला कोणती भाजी आवडते हे आईला माहीत होतं, कोणता रंग शोभतो हे आत्याला, मी कुठवर शिकावं हे अप्पांना. सगळ्यांना सगळं माहीत असल्यामुळे मला विचारायची वेळच येत नसे. आणि तो पडद्यावरचा म्हातारा प्रश्न विचारून बसून राहायचा. मी भाकऱ्या करून यायचे, धुण्यावरची राख झटकून यायचे, तरी तो तसाच. लाईट गेली की तोही जायचा. अर्ध्या राज्याला वीज आमच्या गावातून जाते आणि आमच्या गल्लीत तेव्हा मेणबत्तीचा खप उत्तम होता. लाईट आली की पुन्हा तोच म्हातारा, तोच प्रश्न. मी त्याला किती दिवस खोळंबून ठेवलं तरी तो वैतागला नाही, आणि मी जे म्हणाले ते पुढं कितीतरी गावं गेल्यावर त्याच्या लक्षात असायचं. “त्या दिशी तुमी मला चल म्हनलात,” असं तो मधेच म्हणायचा. सख्ख्या भावाला मी मागच्या सणाला काय म्हणाले ते आठवत नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाकडून मजुरीची आगाऊ उचल घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात आणि निघण्याआधी ताडपत्र्या घेतात, कारण पुढचे महिने फडाजवळच्या झोपडीवर, म्हणजे कोपीवर, तीच टाकून राहायचं असतं. तो आमच्या दुकानाचा मोठा हंगाम. अप्पा हंगामात ताडपत्रीचा भाव वाढवायचे, दर वर्षी, पाऊस असो नसो. तर त्या दिवशी दुकानात मुनीम होता आणि अप्पा आत होते, कारण बसलिंगराजे एका दुष्काळी गावात पोचले होते. गाव सोडून चाललेली माणसं रस्त्यानं ओळीनं जात होती, डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं. त्यांच्यातली एक बाई राजांना विचारत होती, आमच्यासाठी काही आहे का. अप्पांना भरून आलं होतं. “दे,” ते म्हणाले, “आपल्याकडचं समदं धान्य देऊन टाक. सोनं बी दे.” मी म्हटलं, मग आपल्याकडं काहीच उरणार नाही, पुढं पूल ओलांडायला लागेल. “लागू दे,” अप्पा म्हणाले. आत्यानं डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात टोळीतली एक बाई पाणी मागायला मागच्या दाराशी आली. तिचा नवरा दुकानात मुनिमाशी घासाघीस करत होता. आईनं तिला तांब्या दिला. पाणी पिता पिता तिचं लक्ष पडद्याकडं गेलं.

“ह्या बाया कुठं चालल्यात वं?” तिनं विचारलं.

“गाव सोडून चालल्यात,” आत्या म्हणाली, “पानी न्हाई तिथं.”

“कारखान्याला का?”

आत्या म्हणाली, “न्हाई बाई, आशाच.”

“मंग उचल कुणी दिली?” बाईनं विचारलं आणि तांब्या खाली ठेवला. तोवर दुकानातून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, “शेठला इचारा की, मागल्या साली एवढी महाग न्हवती.” मुनीम आत आला. अप्पांनी पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, “भाव एकच हाय म्हनावं. परवडत आसंल तर घ्या.” आणि मला म्हणाले, “दिलं का गं समदं धान्य?”

दिलं होतं. बाई डोक्यावर पदर घेऊन गेली. त्यांनी ताडपत्री घेतली, कारण घेतल्याशिवाय चालणार नव्हतं. अशा खेळांनी माणूस दयाळू होतो असं अलीकडे कुठंतरी छापून आलेलं मी वाचलं. होतो की. आमचे अप्पा इतके दयाळू झाले होते की त्यांच्या डोळ्यांत पाणी मावत नव्हतं. पुढच्या दसऱ्याला ताडपत्रीचा भाव पुन्हा वाढला. चांगुलपणाची हौस अशी बिनखर्चात भागत असेल, तर ती कुणाला आवडणार नाही? आणखी एक सांगते. त्या गेममध्ये आपला डाव वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवता यायचा, म्हणजे चूक झाली तर मागं जाता यावं. अप्पांनी ते करू दिलं नाही. एकच ठेवायचा, म्हणाले, दोन-दोन ठेवणं बेइमानी आहे. हे दुकानात दोन वह्या ठेवणारे अप्पा म्हणाले.

दिवाळी झाली आणि राजे एका किल्ल्याच्या वेशीशी येऊन पोचले. किल्लेदारानं वाट अडवली. त्याचं म्हणणं, वरच्या धरणाचं दार उघडून पाणी पळवलं ते या नावाड्यानं; त्याला आमच्या ताब्यात द्या, मग पुढं जा. खाली तीन उत्तरं. एक, घ्या तो तुमचा. दोन, असा कुणी माणूस आमच्यासोबत नाहीच. तीन, दार मी उघडलं, मला धरा. किल्लेदार हात कमरेवर ठेवून उभा राहिला.

आमचं घर आठवडाभर त्या वेशीत अडकलं. अप्पा जेवता जेवता थांबायचे. येसराची आमटी गार व्हायची. “खोटं बोलायचं म्हणलं तर बोलता येतंय,” ते म्हणायचे, “पन धरलं म्हंजे?” साऱ्या आयुष्यात अप्पांना कुठल्याही साहेबाशी बोलताना एवढा विचार करताना मी पाहिलं नव्हतं. आत्याचं मत पहिल्यापासून तिसरं. “बसलिंग, तू धर आपल्या अंगावर. तू राजा हाईस.” अप्पांना ते पटत होतं आणि भीतीही वाटत होती. आई म्हणाली, “त्या म्हाताऱ्यालाच इचारा की, दार खरंच उघडलंतं का.” एवढं साधं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही तिघांनी तिच्याकडं पाहिलं, तर ती लगबगीनं कप गोळा करून गेली. पण विचारायची सोय गेममध्ये नव्हती.

आणि नेमकं त्या आठवड्यात उदगीरचं स्थळ आलं. मध्यस्थ होते सोनाप्पा, आमच्या नात्यातले, लग्नं जुळवण्यात हयात गेलेले. मुलाचं नाव राजशेखर. पुण्याला एका कंपनीत इंजिनिअर, घरची दाळमिल. रविवारी दुपारी मुलगा, त्याचे आईवडील आणि सोनाप्पा आले. ‘शरणार्थ’ म्हणून नमस्कार झाले, पाय धुवून झाले. मधल्या खोलीत पाहुणे बसले, कॉम्प्युटरवर क्रोशाचं झाकण. मी चुरमुऱ्यांच्या सुशील्याच्या बशा घेऊन गेले, मग शेंगापोळ्या. मुलाच्या आईनं माझं नाव विचारलं, ते तिला पत्रिकेवरून पाठ होतं. महानंदा, म्हटलं. स्वयंपाक येतो का, विचारलं. येतो, आई म्हणाली. भजन येतं का. येतं, आत्या म्हणाली. माझ्यावाचून माझी मुलाखत छान चालली होती.

राजशेखर वाईट नव्हता. दिसायला नीटस होता, बोलणं पुणेरी झालेलं. त्यालाही बहुतेक कंटाळा आला असावा. त्याचं लक्ष झाकणाकडं गेलं. “अरे वा, घरी कॉम्प्युटर! कॉन्फिगरेशन काय आहे?”

“पाइपाच्या कंपनीचाय,” अप्पा अभिमानानं म्हणाले.

तो उठला, झाकण काढून आईच्या हातात दिलं आणि अप्पांच्या खुर्चीत बसला. कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर गेमचं चित्र दिसलं, त्यानं ते दाबलं. वेस आली. किल्लेदार आला. नावाडीमामा आमच्या मागं काठी टेकून उभा होता.

“अहो, थांबा थांबा,” अप्पा अर्धे उठले.

“काका, मी ऑफिसमध्ये दिवसभर हेच करतो,” तो हसून म्हणाला आणि पहिलं उत्तर दाबलं.

दोन शिपाई पुढं आले. मामानं काठी खाली ठेवली. जाताना तो वळून काहीतरी बोलला. खाली चार ओळी उमटल्या. मी दुसऱ्या ओळीवर होते तेव्हा राजशेखरनं पुन्हा दाबलं आणि ओळी गेल्या. मामा काय म्हणाला ते मला आजवर कळलेलं नाही. दार बंद झालं, आतून एक आवाज आला, आणि गेमनं आपणहून तो डाव जपून ठेवला. आमच्या एकुलत्या एका ठिकाणी.

“गेला गं माझा मामा!” आत्यानं मोठ्यानं हंबरडा फोडला.

मुलाच्या आईच्या हातातली बशी कलंडली. “कोण गेलं?” सोनाप्पांनी टोपी काढली. माझ्या आईच्या तोंडून निघून गेलं, “तलवाड्याचे मामा. लांबचे.”

“अगं बाई! कवा?”

“आत्ताच,” आत्या रडत म्हणाली.

“मग आज कार्यक्रम कावून ठेवलात?”

“वय झालंतं त्यांचं,” आई म्हणाली. आम्हा लिंगायतांत सुतक पाळत नाहीत म्हणून बरं, नाहीतर त्या शेंगापोळ्या तशाच राहिल्या असत्या. मुलाचे वडील गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, शेवटी सगळं वैजनाथाच्या हातात, आणि दुसरी पोळी घेतली.

या गोंधळात मी राजशेखरच्या खुर्चीजवळ उभी होते. मला गप्प राहायला सांगितलं होतं. मी म्हटलं, “तुम्ही वाचलं नाही.”

“काय?”

“खाली तीन उत्तरं होती. तुम्ही एकही वाचलं नाही.”

“हां, ते?” तो समजावणीच्या सुरात म्हणाला. “ती गोष्ट असते. ती कुणी वाचत नाही. दाबत राहायचं, म्हणजे पुढं मारामारी येते.”

अप्पा खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. पाहुणे जाईपर्यंत ते त्यांच्याशी बोलले नाहीत. दुःखामुळे, असं पाहुण्यांना वाटलं, आणि ते खोटं नव्हतं. पाहुणे गेल्यावर मात्र अप्पांनी त्या मुलाला, त्याच्या कंपनीला, त्याच्या दाळमिलीला आणि पुणे शहराला जे काही ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही.

पण राग व्यापाऱ्याला परवडत नाही. बुधवारी सकाळी सोनाप्पा आले. मुलगी पसंत होती. मयताचं दुःख असूनही पाहुणचारात कमी केलं नाही म्हणून मुलाच्या आईनं घराण्याचं कौतुक केलं होतं. आईनं देवापुढं साखर ठेवली. अप्पा बशीत चहा ओतत होते. “जाऊ द्या,” ते म्हणाले, “शेवटी गेमच त्यो. पोरगं चांगलं हाय, पगार हाय, घरचं हाय. कळवा हो म्हनून.” आणि बशी तोंडाला लावली.

मी आतल्या दारात उभी होते. बोलायचं ठरवलं नव्हतं. “अप्पा,” मी म्हटलं, “नावाडीमामासाठी तुमी आठवडाभर थांबलात. माझ्यासाठी चहा संपेस्तोवर तरी थांबा की.”

सोनाप्पा मोठ्यानं हसले, त्यांना गंमत वाटली. आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी आत व्हायला हवं होतं. मी झाले नाही. अप्पांची बशी तशीच हवेत राहिली. थोडा चहा धोतरावर सांडला. मग बशी खाली ठेवून ते म्हणाले, “सोनाप्पा, परवा-तेरवा कळवतो.”

पुढचे दिवस वाईट होते. आई माझ्याशी बोलेना. असं स्थळ परत येत नसतं, हे ती माझ्याऐवजी भांड्यांना सांगायची. अप्पा गल्ल्यावर बसून राहायचे आणि आत आले तरी मधल्या खोलीकडं बघायचे नाहीत. माझी बाजू घ्यायला आत्या आली, तीही कशी, तर भाजी निवडता निवडता भावजयीला म्हणाली, “मला देताना कुणी इचारलं न्हवतं. माघारी आनताना बी न्हाई.” आईनं भाजी उचलली आणि चुलीकडं गेली. सोनाप्पांचे दोन निरोप आले. आमचा विचार चालू आहे, असं अप्पांनी कळवलं.

एका दुपारी अप्पा आत आले आणि बंद कॉम्प्युटरसमोर आपल्या खुर्चीत बसले. मी वाळलेले कपडे घड्या घालत होते.

“नंदे,” ते म्हणाले, “काय म्हनायचं त्यास्नी?”

मला वाटलं, आता उठतील. आता म्हणतील, तुला काय कळतंय. ते उठले नाहीत. दुकानातून कुणीतरी हाक मारली, “शेठ, पत्रा हाय का?” अप्पांनी मान न वळवता आवाज चढवला, “थांब बे जरा!” आणि पुन्हा माझ्याकडं पाहायला लागले. त्यांना असं थांबून राहायची सवय नव्हती. हात गुडघ्यावर, बोटं हलत होती. मला उत्तर माहीत होतं, पण खरं सांगते, मी मुद्दाम एक चादर पूर्ण घडी करून ठेवली. इतकं छान पुन्हा कधी वाटेल असं वाटलं नव्हतं.

“नाही म्हणा,” मी म्हटलं.

“कावून?”

“त्यांनी वाचलं नाही, अप्पा.”

त्यांनी मान हलवली. किती वेळ हलवत होते. मग उठून पत्रा द्यायला गेले.

संध्याकाळी सोनाप्पा आले. दुकानात चार गिऱ्हाईकं होती. अप्पांनी त्यांना सगळ्यांदेखत सांगितलं, नाही जमायचं. सोनाप्पा चक्रावले. “आवं, काय कमी हाय पोरात?”

“पोरगा वाचत न्हाई,” अप्पा म्हणाले.

“इंजिनिअर हाय की त्यो!”

“आसंल,” अप्पा म्हणाले. “वाचत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परळीत पसरलं की उदगीरच्या मुलाची डिग्री खोटी आहे, त्याला साधं वाचताही येत नाही, बसलिंगअप्पांनी समोर बसवून तपासलं. मग ते लातूरला पोचलं आणि तिथून उदगीरला. त्या मुलाचं लग्न त्यामुळे बरंच लांबलं असं पुढं कानावर आलं. आई हळहळली. मलाही वाईट वाटायला हवं होतं. मी एक दुपार प्रयत्नही करून पाहिला, पण जमलं नाही.